पीसीजीएस की एनजीसी? आधी नाणं विकणार कुणाला ते ठरवा

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आलेला छोटा संग्रह हातात आलाय. त्यात काही मॉर्गन डॉलर (जुने अमेरिकन चांदीचे डॉलर), १९०९ एस व्हीडीबीचा (एस ही टांकसाळीची खूण, व्हीडीबी ही डिझायनरची आद्याक्षरं) एक लिंकन सेंट, दोन-तीन ब्रिटिश सॉव्हरिन (सोन्याची नाणी), अथेन्सचं एक घुबडवालं टेट्राड्राक्म (प्राचीन ग्रीक चांदीचं नाणं), हल्लीच्या चांदीच्या बुलियन (धातूच्या भावाने विकल्या जाणाऱ्या) नाण्यांचा एक डबा, आणि एक नाणं असं की जे कधी नाव न ऐकलेल्या कंपनीच्या स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेड लिहिलेल्या सीलबंद प्लॅस्टिकमध्ये, ७० ही सगळ्यात वरची ग्रेड घेऊन बसलंय. आता हे सगळं पीसीजीएसला पाठवायचं, एनजीसीला पाठवायचं (नाण्यांना ग्रेड देणाऱ्या या दोन मोठ्या कंपन्या), की स्वस्तातली कुठलीही चालेल?

पहिलं म्हणजे सगळं पाठवायचं नाही. बहुतेक लोक कंपनी कुठली इथून सुरुवात करतात आणि तिथेच पैसे घालवतात. ग्रेडिंग कंपनी तुम्हाला विकते काय, तर एक मत आणि त्या मतामागची गॅरंटी, बाकी प्लॅस्टिक. त्या मताला किंमत कधी येते, तर तुमचं नाणं पुढे जो विकत घेणार आहे तो ते मत मानत असेल तेव्हा. म्हणजे आधी ठरवा की हे नाणं शेवटी कुणाच्या हातात जाणार, जुनी अमेरिकन नाणी जमवणाऱ्याच्या, जगभरची नाणी घेणाऱ्याच्या, प्राचीन नाण्यांवाल्याच्या, की वितळवण्याच्या भावाने सोनंचांदी घेणाऱ्याच्या. हे ठरलं की कंपनी जवळजवळ आपोआप ठरते. विकायचंच नसेल, आपलं म्हणून ठेवायचं असेल, तर शंभरातली नव्वद नाणी चांगल्या कॅप्सूलमध्ये ठेवलेली पुरतात.

थोडा इतिहास सांगतो कारण त्याशिवाय या कंपन्यांमधला फरक कळत नाही. ग्रेड म्हणून १ ते ७० हे जे आकडे देतात ते विल्यम शेल्डन यांच्या १९४९ सालच्या कामातून आलेत आणि ते अमेरिकेच्या सुरुवातीच्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी होते. कल्पना अशी की ७० चं नाणं १ च्या नाण्याच्या ७० पट किमतीचं. म्हणजे मुळात तो भावाचा हिशोब होता, दर्जाचा नव्हे. भाव पुढे कुठच्या कुठे गेले पण आकडे राहिले आणि सगळ्या नाण्यांना चिकटले. त्यानंतर १९७२ मध्ये अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने ॲनाक्स सुरू केली, ती तेव्हा फक्त नाणं खरं की खोटं एवढंच सांगायची, ग्रेड द्यायला लागली १९७९ मध्ये. मग १९८६ मध्ये पीसीजीएस कामाला लागली आणि १९८७ मध्ये एनजीसी आली, आणि नाणं सीलबंद प्लॅस्टिकमध्ये घालून त्याच्या ग्रेडची पैशाने गॅरंटी द्यायची ही पद्धत यांच्यामुळे पसरली. लोकांनी नाणं न बघता फोनवर खरेदी करायला सुरुवात केली ती यामुळेच.

आता हे शास्त्र आहे असं कुणी सांगत असेल तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. १९९० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसवर कारवाई केली होती, आक्षेप हाच की ग्रेडिंग वस्तुनिष्ठ आणि सातत्याचं आहे असा दावा जाहिरातीत वाढवून केलाय, आणि ते प्रकरण तडजोडीने मिटलं. २००३ मध्ये कॉइन वर्ल्ड या साप्ताहिकाने तीच तीच नाणी वेगवेगळ्या सर्व्हिसना पाठवून बघितली तर एकाही नाण्यावर सगळ्यांचं एकमत झालं नाही. याचा अर्थ ग्रेडिंग थोतांड आहे असा नाही. दोन-तीन ग्रेडर एकमेकांना न विचारता बघतात, मालक कोण ते त्यांना माहीत नसतं, मग एक जण शेवटचा शिक्का मारतो, आणि ही माणसं रोज ढिगाने नाणी बघतात त्यामुळे त्यांचा डोळा तुमच्याआमच्यापेक्षा बरा असतोच. पण ६४ आणि ६५ मधली रेघ माणूस ओढतो. तेच नाणं पुन्हा पाठवलं तर दुसऱ्या दिवशी दुसरी ग्रेड येऊ शकते, आणि अख्खा एक धंदा याच्यावर चालतो, स्लॅब फोडायचा, परत पाठवायचा, वरची ग्रेड येईपर्यंत.

या धंद्याचा एक परिणाम नवख्यांच्या लक्षात येत नाही तो म्हणजे पॉप्युलेशन रिपोर्ट. कंपनीच्या साइटवर लिहिलेलं असतं की या नाण्याची या ग्रेडची इतकी नाणी आम्ही पाहिली. आता ज्याने स्लॅब फोडून तेच नाणं चार वेळा पाठवलं त्याने जुनी लेबलं कंपनीला परत कळवली नाहीत तर रिपोर्टमध्ये ती चार नाणी दिसतात. म्हणजे जिथे ग्रेडच्या एका पायरीवर भाव दुप्पट-तिप्पट होतो नेमकी तिथेच संख्या फुगलेली असते. उलट बाजूला स्वस्त नाणी कुणी पाठवतच नाही त्यामुळे रिपोर्टमध्ये ती दुर्मिळ दिसतात. ‘पॉप २, वर एकही नाही’ असं लिहून सामान्य नाणं विकायला काढलेलं दिसलं की समजायचं की बाकीच्यांनी फी वाचवली.

आता कंपन्यांकडे वळतो. जुन्या अमेरिकन नाण्यांच्या बाजारात पीसीजीएसच्या स्लॅबला बऱ्याचदा एनजीसीपेक्षा थोडा जास्त भाव मिळतो, त्याच ग्रेडला. का, तर एक म्हणजे तशी समजूत पक्की बसलीय, आणि दुसरं कारण रजिस्ट्री. लोक आपापले सेट ऑनलाइन लावून स्पर्धा करतात आणि पीसीजीएसच्या रजिस्ट्रीत फक्त पीसीजीएसचीच नाणी चालतात, त्यामुळे वरच्या ग्रेडच्या नाण्यांना तिथे एक हक्काचं गिऱ्हाईक तयार असतं. पण हा फरक सगळीकडे सारखा नाही. सामान्य मॉर्गन डॉलर ६३-६४ मध्ये असेल तर दोन्हीत विशेष फरक पडत नाही, आणि खरा जाणकार नाणं बघतो, लेबल नंतर. जगभरच्या नाण्यांमध्ये, म्हणजे अमेरिकेबाहेरच्या, एनजीसीचं काम खूप मोठं आहे आणि लिलावांमध्ये त्यांचे स्लॅब भरपूर दिसतात, तिथे पीसीजीएसचा तो वरचष्मा तितका जाणवत नाही. प्राचीन नाण्यांसाठी तर एनजीसीचा वेगळाच विभाग आहे, त्याच्यावर पुढे येतो.

ॲनाक्सला लोक उगाच खालची समजतात. भाव कमी मिळतो हे खरंय, पण मेंबरशिप न घेता सरळ नाणी पाठवता येतात, आणि डाय व्हरायटी (छापायच्या साच्यातले बारीक फरक), एरर नाणी (चुकीची छापली गेलेली), डबल्ड डाय (साच्यावरच दुहेरी ठसा) वगैरे ओळखण्यात त्यांचं नाव जुनं आहे. मधल्या किमतीचं नाणं असेल, खरं आहे एवढं कळायला हवं असेल, तर ॲनाक्स पुरते. आयसीजी १९९८ पासून आहे, तीही खरी कंपनी आहे, पण बाजारात तिच्या ग्रेडवर लोक थोडा हात आखडता घेतात. म्हणजे आयसीजीचं ६५ विकत घेणारा मनात ६४ धरून भाव सांगतो. यात तुमचं नाणं वाईट असतं असं नाही, तुम्ही फीमध्ये वाचवलेले पैसे तुम्ही विकताना तो वसूल करतो.

सीएसी हे प्रकरण वेगळं आहे आणि इथे जरा थांबतो. एनजीसी ज्यांनी सुरू केली त्या जॉन अल्बानीझ यांनीच २००७ मध्ये सीएसी काढली. ती सुरुवातीला ग्रेड देत नव्हती. पीसीजीएस किंवा एनजीसीच्या स्लॅबमधलं नाणं त्यांच्याकडे पाठवायचं, ते बघायचे की या ग्रेडमध्ये हे नाणं भक्कम बसतं की कसंबसं काठावर आहे, भक्कम असेल तर हिरवा स्टिकर, आणि वरच्या ग्रेडच्या लायकीचं असेल तर सोनेरी. नाहीतर काहीच नाही, नाणं तसंच परत. म्हणजे मतावरचं मत. हसू येतं खरं, पण याची गरज होती, कारण ६५ म्हणजे एक बिंदू नसतो, ती एक पट्टी असते, आणि त्या पट्टीच्या तळाची नाणी वर्षानुवर्षं बाजारात फिरत राहतात कारण चांगली नाणी लोक धरून बसतात. हिरव्या स्टिकरवाल्या नाण्याला जास्त भाव मिळतो, आणि स्टिकर नसलेलं चांगल्या किमतीचं नाणं बघितलं की घेणारा विचार करतो की हे पाठवून नापास झालंय का. २०२३ पासून सीएसीची स्वतःची ग्रेडिंग सर्व्हिसही सुरू झाली, तिचे स्लॅब कडक ग्रेडचे म्हणून ओळखले जातात. पण हा सगळा खेळ मुख्यतः जुन्या अमेरिकन नाण्यांचा आहे. तुमच्या सॉव्हरिनला त्याचा काही उपयोग नाही.

देशोदेशी स्थानिक सर्व्हिसही आहेत आणि त्या त्यांच्या बाजारात मानल्या जातात. कॅनडात आयसीसीएस आहे, ती नाणं कडक स्लॅबमध्ये न घालता मऊ पाकिटात सील करते आणि कॅनेडियन नाण्यांच्या जुन्या संग्राहकांचा तिच्या ग्रेडवर विश्वास आहे. ब्रिटनमध्ये ७० ऐवजी १०० च्या स्केलवर ग्रेड देणारी सर्व्हिस चाललीय. यातलं नाणं त्या देशात विकलं तर ठीक, बाहेर नेलं की समोरचा विचारतो हे काय आहे. म्हणून परत तोच मुद्दा, विकणार कुणाला.

आता तुमची नाणी एकेक घेतो.

१९०९ एस व्हीडीबी सेंट. हा डोळे झाकून पाठवायचा, ग्रेडसाठी नव्हे तर खरं आहे का यासाठी. सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीत हा ४,८४,००० च निघाला, तर त्याच वर्षाचा एस नसलेला व्हीडीबी सेंट फिलाडेल्फियाला कोट्यवधीत निघाला, त्यामुळे साध्या नाण्यावर एस चिकटवायचा उद्योग शंभर वर्षं चालू आहे. १९१६ डी डाइम (दहा सेंटचं नाणं, डी म्हणजे डेन्व्हर टांकसाळ), १८९३ एस मॉर्गन, १९१४ डी सेंट, सगळ्यांची हीच कथा. झिजलेला, कमी ग्रेडचा सेंट असला तरी स्लॅबमध्ये गेल्याशिवाय त्याला पूर्ण भाव कुणी देणार नाही. पीसीजीएस, एनजीसी, ॲनाक्स, तिघांपैकी कुणीही चालेल, पण विकायचाच असेल तर पहिल्या दोघांपैकी एक. तांब्याच्या नाण्यात एक गोष्ट ध्यानात ठेवा, लेबलवर लाल, लाल-तपकिरी की तपकिरी हेही लिहिलेलं असतं आणि त्याने भाव खूप हलतो, पण तांबं पुढे काळवंडलं तर त्या रंगाची गॅरंटी कंपन्यांनी बरीच आवळून घेतलीय. अटी वाचा.

मॉर्गन डॉलर. आधी स्वतः बघायला शिका, एक दिवा, बाकी खोली अंधारी, नाणं बोटात कडेने धरून हळूहळू तिरपं करत फिरवायचं. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चक्रासारखा गोल फिरतो, कुठेच तुटत नाही. लिबर्टीच्या (नाण्यावरच्या स्वातंत्र्यदेवीच्या) कानावरच्या केसांवर आणि मागच्या गरुडाच्या छातीवर तो पट्टा तुटून राखाडी पडला तर नाणं थोडं वापरात फिरलेलं आहे. मात्र न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीची बरीच नाणी मुळातच दाब कमी पडून छापलेली आहेत, त्यांचे कानावरचे केस सपाट असतात पण चमक शाबूत असते, त्याला झीज समजून हिरमुसू नका. दुसरं म्हणजे गाल. लिबर्टीचा गाल सपाट आणि मोकळा आहे, पोत्यातून हजार हजार नाणी एकत्र फिरली त्याचे ओरखडे सगळ्यात आधी तिथे दिसतात आणि ग्रेडरची नजरही आधी तिथेच जाते. १८८१ एस सारखं वर्ष असेल, जे छान छापलेलं आणि ढिगाने मिळणारं आहे, तर ६५ च्या खाली पाठवण्यात अर्थ नाही. फी, दोन्हीकडचं पोस्टेज, विमा, सगळं धरलं तर हातात काही उरत नाही.

इथे माझा एक साधा हिशोब सांगतो जो मी प्रत्येक नाण्याला लावतो. तुम्हाला जी ग्रेड येईल असं वाटतंय त्याच्या एक पायरी खालची ग्रेड धरा. त्या ग्रेडला स्लॅबमधल्या नाण्याचा खरा विक्रीचा भाव काय, म्हणजे लिलावात संपलेला, कुणी मागितलेला नव्हे. त्यातून स्लॅब नसताना मिळणारा भाव वजा करा. उरलेला आकडा सगळ्या खर्चाच्या निदान दुप्पट असेल तर पाठवा. नसेल तर नाही. आपलंच नाणं बघताना सगळ्यांचा डोळा एक पायरी उदार असतो, त्यामुळे ही खालची पायरी धरणं म्हणजे निराशावाद नाही, तो अनुभवाचा सरासरी निकाल आहे. आणि फी ही नाण्याच्या किमतीप्रमाणे वाढत जाते हे विसरू नका, महागड्या नाण्याला स्वस्त टिअरमध्ये, म्हणजे फीच्या खालच्या गटात, घुसवता येत नाही, कंपनी ते वरच्या टिअरमध्ये ढकलून बिल पाठवते.

याहून मोठा धोका आहे डिटेल्स ग्रेडचा. नाणं खरं आहे पण साफ केलेलं, घासलेलं, चरे पडलेलं, दागिन्यात लावलेलं, रसायनाने रंगवलेलं असं काही निघालं तर आकड्याऐवजी डिटेल्स असं लिहून येतं आणि भाव एका फटक्यात खाली. पूर्वी अशी नाणी स्लॅब न करताच पिशवीत परत यायची, लोक त्याला बॉडी बॅग म्हणायचे. घरातून आलेल्या संग्रहात साफ केलेली नाणी फार असतात कारण आधीच्या पिढीला चकाकी म्हणजे काळजी वाटायची. ओळखायचं कसं, तर नाणं तिरपं केल्यावर एकाच दिशेने जाणाऱ्या केसासारख्या बारीक रेषा, किंवा चमक आहे पण सगळीकडे सारखी, अक्षरांच्या कोपऱ्यात मात्र काळा मळ. अशी नाणी आधीच बाजूला काढा. आणि कृपा करून पाठवण्याआधी स्वतः काही साफ करू नका, सोडा नाही, टूथपेस्ट नाही, चांदी चमकवायचं डिप नाही. एकच अपवाद म्हणजे जुन्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातून आलेला हिरवट चिकट थर, तो पीव्हीसीचा असतो, नाण्याला खात राहतो, आणि शुद्ध ॲसिटोनमध्ये न घासता बुडवून निघतो, खिडक्या उघड्या ठेवून आणि आगीपासून लांब. तेही नाणं महाग असेल तर कंपन्यांच्या स्वतःच्या कॉन्झर्वेशन सर्व्हिस आहेत, त्यांना करू द्या.

सॉव्हरिन. ही मुख्यतः सोनं म्हणून विकली जातात. ७.९८ ग्रॅम वजन, २२ कॅरट. सामान्य वर्ष असेल तर पाठवू नका. दुर्मिळ वर्ष किंवा दुर्मिळ टांकसाळ असेल तर एनजीसी किंवा पीसीजीएस, दोन्ही ठीक. पण वजन बरोबर भरलं म्हणजे खरं असं धरून चालू नका. विसाव्या शतकाच्या मध्यात बैरूतमध्ये बरोबर सोनं वापरून सॉव्हरिनच्या नकला निघाल्या होत्या. सोन्याच्या भावाने विकली तर फरक पडत नाही, संग्राहकाच्या भावाने विकताना पडतो.

अथेन्सचं घुबड. इथे मात्र लोकांचा गैरसमज मोठा आहे. एनजीसीचा प्राचीन विभाग १ ते ७० आकडे देत नाही, तो शब्दात ग्रेड देतो आणि वेगळे दोन गुण देतो, छापणी ५ पैकी किती आणि पृष्ठभाग ५ पैकी किती, वर देखणेपणासाठी तारा. पद्धत चांगली आहे, कारण प्राचीन नाणं हाताने ठोकलेलं, एक नाणं झिजलेलं नसूनही डिझाइन निम्मं बाहेर गेलेलं असू शकतं. पण त्यांच्या नेहमीच्या गॅरंटीत प्राचीन नाण्यांचा खरेपणा येत नाही. ते खोटं वाटलं तर स्लॅब करत नाहीत, पण उद्या कुणी खोटं ठरवलं तर पैसे परत असं नाही. त्यामुळे आधुनिक नाण्याच्या स्लॅबकडे बघता तसं त्याच्याकडे बघू नका. प्राचीन नाण्यांचे जुने संग्राहक तर स्लॅब फोडून टाकतात, त्यांना कड बघायची असते, हातात वजन घ्यायचं असतं. तुमचं घुबड साधारण १७.२ ग्रॅमच्या आसपास असायला हवं, आणि मागे एखादा खोल छेद असेल तर घाबरू नका, चांदी आतपर्यंत आहे का ते बघायला त्या काळीच मारलेला असतो, भाव कमी होतो पण नाणं खोटं होत नाही. हे नाणं मी आधी प्राचीन नाण्यांच्या चांगल्या लिलावगृहाला दाखवीन, पैसे परतीची हमी देणारं असेल असं, आणि स्लॅब करायचा की नाही ते त्यांनाच विचारीन, कारण गिऱ्हाईक त्यांचं आहे.

बुलियनचा डबा. नाही. याच्यावर जास्त लिहीत नाही. ७० म्हणजे पाचपट भिंगाखाली टांकसाळीनंतरचा एकही दोष दिसत नाही असं नाणं, आणि आधुनिक यंत्रांतून अशी नाणी भरपूर निघतात. ६९ आलं तर फी बुडाली. फर्स्ट स्ट्राइक, अर्ली रिलीज असल्या लेबलांचा अर्थ बहुतेक वेळा नाणं निघाल्यापासून पहिल्या ३० दिवसांत कंपनीकडे पोचलं एवढाच असतो, आधी छापलं असा नाही, ते टांकसाळही सांगू शकत नाही. वर चांदीच्या बुलियनवर पुढे पांढरे दुधाळ डाग उठतात आणि ते गॅरंटीत बसत नाहीत. डबा आहे तसा ठेवा.

आणि ते अनोळखी कंपनीचं ७०. प्लॅस्टिकचं मशीन आणि लेबल प्रिंटर कुणीही विकत घेऊ शकतो. असा स्लॅब म्हणजे विकणाऱ्यानेच स्वतःच्या मालावर चिकटवलेली स्तुती. नाणं स्लॅबशिवायचं आहे असं समजून भाव काढा, ग्रेड विसरा. ते पीसीजीएस किंवा एनजीसीला क्रॉसओव्हरसाठी पाठवायचा मोह होईल, म्हणजे स्लॅबसकट पाठवायचं, किमान अमुक ग्रेड आली तरच बदला असं लिहायचं. ग्रेड नाही आली तर नाणं जुन्या स्लॅबमध्येच परत येतं आणि फी बहुतेक जातेच. माझ्या मते असल्या स्लॅबमधलं नाणं आधी नीट बघा आणि लायकीचं असेल तरच पुढे जा. क्रॉसओव्हर खरा उपयोगी पडतो तो एनजीसीचं भक्कम नाणं पीसीजीएसच्या रजिस्ट्रीवाल्याला विकायचं असेल तेव्हा. एक मात्र, जुने स्लॅब फोडायच्या आधी दहा वेळा विचार करा. पीसीजीएसचे सुरुवातीचे छोटे स्लॅब, ज्यात नाणं हलवलं की खडखडतं, किंवा एनजीसीचे अगदी सुरुवातीचे काळ्या आतल्या भागाचे, यांना स्लॅब म्हणूनच गिऱ्हाईक आहे, शिवाय त्या काळी ग्रेडिंग कडक होतं असा समज आहे.

नावाजलेल्या कंपनीचा स्लॅब बघितला तरी निर्धास्त होऊ नका, खोटे स्लॅब वर्षानुवर्षं बाजारात आहेत. सर्टिफिकेट नंबर कंपनीच्या साइटवर टाकला आणि बरोबर नाणं आलं म्हणजे झालं असं नाही, कारण नकली स्लॅब बनवणारे खऱ्या नाण्याचा खरा नंबरच छापतात. साइटवर फोटो असेल तर नाण्याशी जुळवा, टोनिंगचा (काळाने चढलेल्या रंगाचा) आकार, एखादा ओरखडा, असलं काहीतरी जे दुसऱ्या नाण्यावर असूच शकत नाही. पीसीजीएसच्या हल्लीच्या स्लॅबमध्ये चिप असते, फोन टेकवला की तपासता येते. फोटो नसेल आणि किंमत मोठी असेल तर ज्याच्याकडून घेताय तो कोण आहे तेच तुमचं सर्टिफिकेट.

पाठवायचं कसं ते पटकन. पीव्हीसी नसलेल्या मायलरच्या पाकिटात एकेक नाणं, स्टेपल नाही, सेलोटेप नाही. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. फॉर्मवर खरी किंमत लिहा कारण हरवलं तर विमा तेवढाच मिळतो. पीसीजीएस आणि एनजीसीला सरळ पाठवायला मेंबरशिप लागते, दोन-चार नाण्यांसाठी ती घेण्यापेक्षा अधिकृत डीलरमार्फत गठ्ठ्यात पाठवणं स्वस्त पडतं. अमेरिकेबाहेर असाल तर कस्टम्सची कटकट वेगळी, पीसीजीएसचं पॅरिसला आणि एनजीसीचं म्युनिकला ऑफिस आहे, हाँगकाँगलाही सोय आहे, तिथून जमतंय का ते आधी विचारा. साइटवर लिहिलेले दिवस हे अंदाज असतात, लिलावाची तारीख धरून पाठवू नका.

परत आल्यावर लेबल नाण्याशी ताडून बघा, साल, टांकसाळ, व्हरायटी, सगळं. ग्रेडबद्दल नाराजी असेल तर रीव्ह्यूचा मार्ग आहे पण त्याची वेगळी फी. लेबलवर छापायची चूक मात्र, म्हणजे १८८९ ला १८८९ सीसी (सीसी ही कार्सन सिटी टांकसाळीची खूण) लिहिलं, असली, ती मेकॅनिकल एरर धरली जाते आणि गॅरंटी तिला लागू नसते. तुमच्याकडे आलेल्या स्लॅबवर अशी चूक असेल तर लगेच परत पाठवून दुरुस्त करून घ्या, आणि कुणाकडून विकत घेताना लेबलवर सीसी आहे पण नाण्यावर मागे गरुडाखालच्या माळेच्या गाठीखाली ती दोन अक्षरं दिसत नाहीयेत असं असेल तर लेबलच्या भावाने पैसे देऊ नका, कंपनी भरून देणार नाही.